पावणेपाच सेकंद

मोजायचं काम माझं होतं.
वडील गार्ड; त्यांचं साखळीचं घड्याळ
रजेच्या दिवशी माझ्या तळहातावर असायचं,
आणि सलाबत तडवीच्या पायातून चेंडू सुटला
की मी श्वास धरायचो.

भुसावळ, रेल्वेचं मैदान.
गवत म्हणाल तर कोपऱ्यातल्या नळाभोवती,
बाकी सगळा मुरूम आणि लोको शेडची काजळी.
मे महिन्यात संध्याकाळी पाचलासुद्धा
गोलचे खांब हात लावू देत नसत.

सलाबत मूळचा सातपुड्यातल्या पालचा.
नोकरी सांधेवाल्याची:
गाडी आपली नाही, रस्ता तेवढा बदलून द्यायचा.
संघातही तो शेवटचा, गोलच्या तोंडाशी.
पुढचे हरले, मधले हरले,
चेंडू पार घरात आला की सगळे ओरडायचे,
सलाबत!
एरवी त्याला कोण हाक मारणार.

दोन पावलं. तिसरं अर्धं.
चेंडू हातातून सोडायचा तो असा,
निजलेलं पोर मांडीवरून वाकळेवर ठेवावं तसा,
आणि मग तो आवाज,
डब्याला डबा जोडल्याचा, एकच, घट्ट.

वर.
पॉवर हाउसच्या धुराशेजारी,
घारींच्या खालच्या मजल्यावर
चेंडू थांबायचा.
शपथेवर सांगतो, थांबायचा.
खाली आमचे दहा जण, चिंध्या झालेले,
तेवढ्यात धावून पुन्हा माणसात यायचे.
त्यासाठीच तर होतं ते सगळं.
एक. दोन.
समोरचा संघ माना वर करून उभा, डोळ्यांत ऊन.
तीन.
चार, आणि वर पाऊण.

अठरा वर्षं.
सोलापूर, झाशी, खरगपूर.
खरगपूरला म्हणे मध्यंतरात लोकांनी
चहा सोडून याच्या नुसत्या सरावाच्या किका पाहिल्या.
गोल त्याच्या नावावर एकही नाही.
पेपरात एकदा आला, तर 'सलामत' छापला;
ते कात्रण त्याने केबिनच्या काचेला चिकटवलं,
चुकीच्या नावासकट.

मी नववीत होतो, अक्कल बेताची.
विचारलं, वाईट नाही वाटत?
सगळे चेंडू मिळवतात, तुम्ही तेवढे देऊन टाकता.
भरीत लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवत म्हणाला,
"द्याच लागते बापा.
पन कोठी द्याचा, ते आपलं ऱ्हाते."

परवा पुतण्याने टीव्हीवर अमेरिकेतला फुटबॉल लावला.
लांबोडका चेंडू, हेल्मेटं, नुसती रेटारेटी.
मग एक सडपातळ माणूस आत आला, कपडे स्वच्छ.
बाकीच्यांचं काही चालेनासं झालं
की याला बोलावतात, पुतण्या म्हणाला.
दोन पावलं. तिसरं अर्धं.
माझा हात खिशाकडे गेला.
पुतण्या सांगत होता, याचा करार किती कोटींचा,
याच्या नावाचे सदरे कसे खपतात.
मी म्हटलं, थांब रे, मोजू दे.

त्याची शेवटची किक मात्र मी मोजली नाही.
गुडघा आधीच गेलेला,
आणि घड्याळ वडिलांबरोबर इटारसीच्या गाडीत.
चेंडू फार उंच गेला नाही.
रेषेच्या हातभर आत पडला,
एक टप्पा घेतला आणि तिथेच बसला,
पाळलेल्या कुत्र्यासारखा.
कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी सायकली काढल्या.

सलाबत नळावर गेला.
पाय धुतले, उजवा उगाच जरा जास्त वेळ.
साडेसहाला रावेरहून केळीचे डबे यायचे होते,
आणि सांधा अजून दुसऱ्या लाइनीकडेच होता.